नाडा, पट्टा, फॅनबेल्ट : बघायची पद्धत कशी बदलत गेली



या उन्हाळ्यात दोन जणांनी मला एकच प्रश्न विचारला. एकाची भाजीची पिकअप, दुसऱ्याची घरची कार. दोघांचाही इंजिनाच्या पुढचा पट्टा गेला. पिकअपवाल्याचं इंजिन तापून हेड उतरवावं लागलं, वर गाडीतला टोमॅटो रस्त्यातच नासला. दोघांचं म्हणणं एकच : "मी बॉनेट उघडून पट्टा बघितला होता. एक तडा नव्हता. मग गेला कसा?"

याचं उत्तर दोन ओळींत देता येईल. पण दोन ओळींचं उत्तर माणूस विसरतो. आपण तडे बघतो ते का बघतो, ही सवय कुठून आली, आणि ती आजच्या पट्ट्याला का लागू पडत नाही, हे कळायला जरा मागं जावं लागेल. म्हणून आज पिकाचं काही नाही, पट्ट्याचा इतिहास. चहा घेऊन बसा.

सुरुवात मोटेपासून करू. ज्यांनी मोट बघितली आहे अशी माणसं आता साठीच्या पुढची. मोटेला दोन दोर असायचे. वरच्या मोठ्या चाकावरून जाणारा जाड तो नाडा, आणि खालच्या कण्यावरून जाणारा बारीक तो सोंदूर. भरलेल्या मोटेचं सगळं वजन नाड्यावर. नाडा तुटला तर मोट विहिरीत आणि बैल पुढं कोलमडून धावेवर. म्हणून जुना माणूस मोट जोडायच्या आधी सकाळी नाडा हातातून ओढून घ्यायचा. डोळ्यांनी नाही, हातानं बघायचा. कुठं पीळ सैल झालाय, कुठं एखादी लड तुटून बाहेर आलीय, ते तळव्याला कळायचं. चाकात अडकून घासतोय का, तेही त्याच वेळी बघायचं. म्हणजे दोर आणि दोर ज्यावर फिरतो ते चाक, दोन्ही एकदमच तपासायचं. ही गोष्ट ध्यानात ठेवा, पुढं कामाला येणार आहे.

मोटेचा नाडा ओढणारा. फिरवणारा दोर आपल्याकडं चरख्यात होता. मोठ्या चाकावरून चातीवर आलेली ती माळ म्हणजे पट्टाच की. मोठं चाक एकदा फिरलं की बारीक चाती कितीतरी वेळा फिरते, हे गणित आपल्या आज्या-पणज्यांना शाळेत न जाता येत होतं. माळ ढिली झाली की चाती घसरते, फार ताणली की चरखा जड जातो. आजच्या गाडीच्या पट्ट्याचं दुखणं यापेक्षा वेगळं नाही.

मग आलं इंजिन. आमचा तालुका कोरेगाव, त्यामुळं सातारा रोडच्या कूपर कारखान्याचं नाव आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. धनजीशा कूपर यांनी तो काढला. हेच कूपर पुढं १९३७ साली मुंबई इलाख्याचे पहिले पंतप्रधान झाले, तेव्हा मुख्यमंत्र्याला पंतप्रधान म्हणत. आधी नांगर, मग डिझेल इंजिनं. तिकडं कुंडलजवळ माळावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली किर्लोस्करवाडी वसवली, औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी जागा दिली. तिथूनही सुरुवात नांगराची आणि कडबा कापायच्या यंत्राची. किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी १९४६ ची, पुण्याच्या खडकीला. आणि बांधाबांधावर पोचली ती राजकोटकडची इंजिनं. त्यांचा मूळ बाप विलायती. इंग्लंडात डर्सली नावाच्या गावी लिस्टर कंपनी होती, तिनं १९३० च्या सुमारास एक उभं, जड, सावकाश चालणारं इंजिन काढलं. राजकोटच्या कारागिरांनी त्याच धर्तीची हजारो इंजिनं ओतली. मिनिटाला ६५० फेरे, दोन मोठी चाकं, आणि गावभर ऐकू जाणारा तो आवाज.

आता अडचण अशी की इंजिन फिरतंय ६५० नं आणि विहिरीवरच्या पंपाला पाहिजेत साडेचौदाशेच्या आसपास फेरे. मग काय करायचं? पंपाची पुली ६ इंची असली तर इंजिनाची साधारण साडेतेरा इंची बसवायची. सहा गुणिले चौदाशे पन्नास, भागिले साडेसहाशे. हे गणित आमच्या भागातल्या अंगठेबहाद्दर इंजिन-मिस्त्रीलासुद्धा तोंडपाठ होतं. आणि मधे सपाट पट्टा.

सपाट पट्ट्याचं सगळं बळ म्हणजे नुसती पकड. दुसरं काही नाही. पट्टा पुलीला चिकटून राहिला तर काम करतो, सुटला तर नुसता सरकतो. म्हणून पट्टा लांब ठेवायचा, पंधरा-वीस फूट, म्हणजे त्याच्याच वजनानं तो बसतो. ओढणारी बाजू खाली आणि ढिली बाजू वर ठेवायची. म्हणजे ढिली बाजू खाली लोंबून पुलीला जास्त मिठी मारते. उलट बाजूला फिरवायचं असेल तर पट्ट्याला पीळ देऊन आठाच्या आकड्यासारखा घालायचा. आणि एक गंमत आहे जी आजही पुष्कळ शिकलेल्या पोरांना माहीत नाही. सपाट पट्ट्याची पुली सपाट नसते. मधे थोडी फुगीर असते, पोट आल्यासारखी. पट्टा नेहमी उंच भागाकडं चढतो, म्हणून तो मधोमध राहतो. पुली अगदी सपाट केली तर पट्टा दहा मिनिटांत बाजूला जाऊन पडेल.

पट्टा कातड्याचा, नाहीतर कापडावर रबर चढवलेला. सांधा कातडी वादीनं शिवलेला किंवा लोखंडी दातांनी आवळलेला. पावसाळ्यात ओल लागली की ताणायचा, उन्हाळ्यात आखडायचा. घसरायला लागला की राळेची पूड मारायची. हा पट्टा खराब झालाय हे सांगायला तज्ज्ञ लागत नव्हता. तो फडफडायचा, सांध्यावर टपटप वाजायचा, शेवटी पुलीवरून उतरून पडायचा. म्हणजे आजार उघड्यावर. तपासणी म्हणजे काय, तर सांधा बघायचा आणि कडा उसवल्यात का ते बघायचं.

पण हा पट्टा उघड्यावर होता, त्याची दुसरी बाजूही सांगायला पाहिजे. धोतराचा सोगा, खांद्यावरचं टॉवेल, बाईचा पदर. चालू पट्ट्यावर राळ टाकायला गेलेला हात. मळणी यंत्रावर, कडबा कुट्टीवर हात गमावलेला एखादा तरी माणूस आमच्या पंचक्रोशीतल्या बहुतेक गावांत होता, काही अजून आहेत. कारखान्यांना १९४८ चा फॅक्टरी कायदा लागू झाला, त्यात फिरत्या भागांना जाळी-कुंपण घालायची सक्ती होती. शेतातल्या यंत्राला विचारणारं कुणी नव्हतं. मळणी यंत्रासारख्या धोकादायक यंत्रांसाठी वेगळा कायदा व्हायला १९८३ उजाडलं. तोवर किती बोटं गेली त्याची मोजदाद कुणी ठेवली असेल असं मला वाटत नाही. आजही जाळी काढून ठेवलेली यंत्रं दिसतात. "पट्टा घालायला अडचण होते" म्हणतात. असो, विषय पट्ट्याचा आहे, पण हे सांगितल्याशिवाय पुढं जाववलं नाही.

आता सपाट पट्ट्याचा व्ही-पट्टा कसा झाला ते. याचं मूळ पुन्हा दोरातच आहे. तिकडं लँकेशायरच्या कापडगिरण्यांत मोठं वाफेचं इंजिन खाली आणि साचे चार मजल्यांवर. एवढी ताकद वर न्यायला त्यांनी सुताचे जाड दोर वापरले, आणि दोर घसरू नये म्हणून चाकाला निमुळत्या खाचा पाडल्या. दोर खाचेत रुतला की दोन्ही बाजूंनी आवळला जातो. लाकडात पाचर ठोकली की कशी घट्ट बसते, तसं. सपाट पट्टा नुसता टेकतो, खाचेतला दोर पाचरीसारखा बसतो. म्हणून कमी ताणात जास्त ओढ.

हीच पाचर रबरात आली १९१७ साली, अमेरिकेत डेन्व्हर गावी. गेट्स नावाचे भाऊ होते. त्यांची कंपनी आधी टायरवर चढवायची कातडी आवरणं करायची. मोटारगाडीच्या पंख्याला तेव्हा कुणी दोर लावत होतं, कुणी सपाट चामडी पट्टा. त्यातल्या जॉन गेट्सनं रबर आणि धागा मिळून पाचरीच्या आकाराचा पट्टा केला. त्यावरच कंपनी मोठी झाली. आज आपण ज्याला सरसकट फॅनबेल्ट म्हणतो तो हा.

त्याआधीच्या गाडीत काय होतं बघा. फोर्डची मॉडेल टी, १९०८ ते १९२७, दीड कोटी गाड्या झाल्या. तिच्या पंख्याला सपाट पट्टाच होता. आणि सुरुवातीच्या थोड्या गाड्या सोडल्या तर तिला पाण्याचा पंपच नव्हता. गरम पाणी आपोआप वर जातं, थंड खाली येतं, तेवढ्यावर इंजिन थंड राहायचं. म्हणजे पट्टा तुटला तर फक्त पंखा बंद. सावकाश चालवत घरी जाता यायचं. अमेरिकेतले शेतकरी तर या गाडीचं मागचं चाक जॅकवर उचलून त्याला पट्टा घालायचे आणि लाकूड कापायची करवत चालवायचे. आपल्याकडं कुणी जीपवर हे केलं असतं तर लोकांनी त्याला जुगाड म्हटलं असतं. शेतकरी सगळीकडचा सारखाच.

पुढं गाडीला पाण्याचा पंप कायमचा आला, दिव्यासाठी डायनामो आला, आणि पंखा, पंप, डायनामो तिन्ही एकाच व्ही-पट्ट्यावर बसले. इथं पट्ट्याची किंमत बदलली. आधी तो पंखा फिरवत होता, आता इंजिनाचा जीव त्याच्या हातात आला. पट्टा गेला की पाणी फिरायचं थांबलं, आणि पाणी थांबलं की पाच-दहा मिनिटांत हेड तापलं.

आपल्याकडं ही पिढी जीप, अँबॅसेडर, फियाटची. आणि शेतात ट्रॅक्टरची. महिंद्रानं इंटरनॅशनल कंपनीबरोबर १९६३ साली ट्रॅक्टरची कंपनी काढली. तो बी-२७५ आमच्या भागात पुष्कळ चालला. पुढं नुसता एक पट्टा, तीन पुल्या. डायनामोचा बोल्ट ढिला करायचा, पहार नाहीतर लाकडाचा दांडा घालून डायनामो बाहेर रेटायचा, पट्टा ताणला की बोल्ट आवळायचा. सगळ्यात लांब पदराच्या मधोमध अंगठा दाबला की साधारण १० ते १२ मिलिमीटर दबला पाहिजे, म्हणजे जवळपास अर्धा इंच. फार ढिला तर घसरणार, फार ताणला तर पंपाचं आणि डायनामोचं बेअरिंग खाणार. या अर्ध्या इंचावर आपली एक अख्खी पिढी चालली.

याच काळात विहिरीवरचा पट्टा मात्र संपला. वीज आली, मोनोब्लॉक आला. मोटर आणि पंप एकाच दांड्यावर, मधे पट्ट्याला जागाच नाही. पट्टा उरला पिठाच्या गिरणीत, मळणी यंत्रात, कुट्टीत. तिथंही सपाट जाऊन व्ही आला. दुकानात जाऊन आपण "बी बासष्ट द्या" म्हणतो, त्याचा अर्थ पुष्कळांना माहीत नसतो. बी म्हणजे पट्ट्याची जाडी-रुंदी, वरून १७ मिलिमीटर रुंद आणि ११ मिलिमीटर उंच. बासष्ट म्हणजे आतून मोजलेली लांबी, इंचांत. ए त्यापेक्षा बारीक, १३ मिलिमीटर. सी मोठा, २२ चा. एवढं कळलं की अर्धा पुसलेला नंबरही वाचता येतो.

व्ही-पट्टा खराब झालेला कसा ओळखायचा हे आपण याच पिढीत शिकलो, आणि तेच आपल्या डोळ्यांत बसलं. पट्टा उलटा वाकवायचा, आतल्या बाजूला तडे दिसतात का बघायचं. बाजू काचेसारख्या चमकायला लागल्या का बघायचं, म्हणजे घसरून भाजलाय. तेल लागून फुगलाय का, एका बाजूनं धागे सुटलेत का. एकाच बाजूनं झिजला असेल तर दोन पुल्या एका रेषेत नाहीत. त्याची साधी परीक्षा म्हणजे दोरी. दोन्ही पुल्यांच्या तोंडावरून दोरी ताणून धरायची. चारही कडांना दोरी टेकली तर रेषा बरोबर. आणि एक गोष्ट पुष्कळ जण बघत नाहीत, ती म्हणजे खाचेचा तळ. व्ही-पट्ट्यानं खाचेच्या फक्त दोन्ही बाजूंना धरायचं असतं, तळाला टेकायचं नसतं. तळ घासून चकाकत असेल तर पाचर तळाला बसली, आता पकड गेली. पट्टा नवीन असला तर पुली झिजलीय. अशा पुलीवर कितीही भारी कंपनीचा पट्टा घाला, महिनाभरात बोंब. गिरणीवाल्यांना हे चांगलं कळतं. तीन पट्ट्यांचा जोड असेल तर ते तिन्ही एकदम बदलतात. एकच नवा घातला तर सगळा भार त्या एकट्यावर येतो.

आता कारकडं येऊ.

तिकडं अमेरिकेत गाडीवर एकेक सोय चढत गेली. १९४० साली पॅकार्ड गाडीत एसी मिळायला लागला. १९५१ ला क्रायस्लरच्या इम्पिरियल गाडीत पॉवर स्टिअरिंग आलं. १९६० च्या सुमारास डायनामोच्या जागी आल्टरनेटर यायला लागला. प्रत्येकाला पुली, प्रत्येकाला पट्टा. एका इंजिनासमोर तीन-तीन, चार-चार व्ही-पट्टे, एकाच्या मागं एक. सगळ्यात आतला तुटला तर बाहेरचे सगळे उतरवा. प्रत्येकाचा ताण वेगळा, प्रत्येकाचं आयुष्य वेगळं. मिस्त्रीचं डोकं फिरायचं.

त्यावर उपाय निघाला तो म्हणजे एकच लांब पट्टा, सापासारखा सगळ्या पुल्यांमधून नागमोडी फिरणारा. १९७९ च्या फोर्ड मस्टँग गाडीवर तो पहिल्यांदा आला. पण जाड व्ही-पट्टा असा दोन्ही बाजूंनी वाकत नाही. म्हणून पट्टा पुन्हा सपाट केला, आणि आतल्या बाजूला बारीक-बारीक व्ही-च्या शिरा काढल्या. म्हणजे बघा, आजच्या पट्ट्यात आपल्या इंजिनावरचा सपाट पट्टा आणि गिरणीतला व्ही-पट्टा दोघं एकत्र आलेत. सपाट असल्यामुळं वाकतो, शिरांमुळं पकडतो. पाठीनंसुद्धा एखादी गुळगुळीत पुली फिरवतो. त्यावर लिहिलेलं असतं ६ पीके १८८० किंवा असंच काही. ६ म्हणजे सहा शिरा, पीके म्हणजे शिरेचं माप, पुढचा आकडा लांबी, मिलिमीटरमध्ये. आता इंच गेले.

अंगठ्यानं दाबून अर्धा इंच बघायचंही इथं बहुतेक गाड्यांत संपलं, कारण ताण ठेवायला स्प्रिंगचा टेन्शनर आला. पट्टा थोडा झिजला, थोडा वाढला की टेन्शनर आपोआप पुढं सरकून ढिलेपणा खातो. सोय चांगली. पण या सोयीनं एक इशारा बंद झाला. आधी पट्टा ढिला पडून ओरडायचा, आपण बॉनेट उघडायचो. आता टेन्शनर झिजलेल्या पट्ट्यालाही ताणून धरतो आणि गाडी गप्प चालते.

दुसरा इशारा बंद झाला तो रबर बदलल्यामुळं. जुने पट्टे निओप्रीन रबराचे. निओप्रीन तापून-वाळून कडक होतं आणि त्याला आडवे तडे जातात. तीन इंचांत एकाच शिरेवर तीन तडे दिसले की बदला, असा नियमच होता. पण १९९० च्या दशकाच्या शेवटी-शेवटी आणि २००० नंतर पट्टे ईपीडीएम नावाच्या रबराचे व्हायला लागले. गाडीच्या दार-काचेची रबरं याच जातीची असतात, वर्षानुवर्षं उन्हात टिकतात. हे रबर सहसा तडकत नाही. ते झिजतं. गुळगुळीत होत होत टायरसारखं झिजतं. शिरांच्या मधली दरी रुंद आणि खोल होत जाते, शिरा बारीक होतात. मग पट्टा पुलीच्या दातांत खोल बसतो, शिरेची टोकं तळाला टेकतात आणि पकड जाते. म्हणजे गिरणीच्या पुलीसारखंच, पाचर तळाला बसली. फक्त ते बाहेरून दिसत नाही. पट्टा काळाभोर, मऊ, तडा नाही. बघणारा म्हणतो, नवाच आहे.

पिकअपच्या पट्ट्याचं नेमकं हेच झालं होतं. मी तो हातात घेऊन बघितला. पाठ उत्तम. शिरा मात्र इतक्या बारीक झालेल्या की नवीन पट्ट्याच्या तुकड्याशेजारी ठेवल्यावर पोरालासुद्धा फरक कळावा. तो आधी घसरत राहिला, पंप नीट फिरला नाही, इंजिन तापत गेलं, आणि शेवटी त्याच्या दोन शिरा सोलून निघून पट्टा उतरला. बॅटरीचा लाल दिवा लागला होता म्हणे. बॅटरीचंच काहीतरी असेल म्हणून तो आणखी काही किलोमीटर चालवत राहिला. पट्ट्यावर आल्टरनेटर असतो, त्यामुळं पट्टा गेला की पहिल्यांदा लागतो तो बॅटरीचाच दिवा. पॉवर स्टिअरिंग पट्ट्यावर असेल तर तेही त्याच क्षणी जड होतं. दिवा आणि जड स्टिअरिंग एकदम आलं तर बाजूला घेऊन इंजिन बंद करायचं, बाकी विचार नंतर. काही गाड्यांत पाण्याचा पंप या पट्ट्यावर नसून आतल्या टायमिंगच्या पट्ट्यावर असतो. तिथं इंजिन लगेच तापत नाही. पण आपल्या गाडीत पंप कशावर आहे हे मिस्त्रीला आधीच विचारून ठेवलेलं बरं, घाटात उभं राहून विचारण्यापेक्षा.

मग आता बघायचं कसं? नाड्यासारखं, म्हणजे हातानं. इंजिन बंद, चावी काढून खिशात, आणि गार झालेलं. पट्ट्याच्या शिरांच्या दरीत नखाचं टोक घालून बघा. नव्या पट्ट्यात दरी अरुंद, टोकदार असते, झिजलेल्यात पसरट आणि गोल लागते. पट्टेवाल्या कंपन्या यासाठी प्लॅस्टिकचं छोटं माप देतात. ते खाचेत सैल बसून खाली गेलं की पट्टा संपला. माप नसेल तर त्याच नंबरच्या नव्या पट्ट्याशी ताडून बघा. मग शिरांमध्ये रबराची पूड, छोट्या गोळ्या अडकल्यात का, एखादी शीर तुटलीय का, कडेचा धागा सुटलाय का, तेल किंवा कूलंट सांडलंय का ते बघा. किती किलोमीटरला बदलायचा ते गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तकात असतं. पण आपल्या रस्त्याची धूळ, चिखल आणि ऊसवाहतुकीचे कच्चे रस्ते त्या पुस्तकवाल्यानं बघितलेले नसतात. मी तरी पुस्तकाच्या आकड्याआधी बघायला लागतो.

पट्टा चीं-चीं ओरडत असेल तर पाण्याची परीक्षा करा. इंजिन चालू असताना लांबून, हात आणि कपडे दूर ठेवून, शिरांच्या बाजूवर थोडं पाणी फवारा. आवाज थोडा वेळ गेला तर पुल्यांची रेषा चुकलेली असते. आवाज उलट वाढला तर ताण कमी आहे, टेन्शनर बघा. राळ, साबण, ग्रीस, पावडर यातलं काहीही या पट्ट्याला लावायचं नाही. राळ ही सपाट पट्ट्याची. शिरांमध्ये चिकट बसली की धूळ धरते आणि पट्टा लवकर जातो.

बदलताना पहिलं काम म्हणजे मोबाईलवर फोटो. पट्टा कुठल्या पुलीच्या वरून, कुठल्याच्या खालून गेलाय ते सात पुल्यांचं चक्र कुणाच्याच ध्यानात राहत नाही. काही गाड्यांत बॉनेटखाली चित्र चिकटवलेलं असतं. बॅटरीची निगेटिव्ह तार काढा. टेन्शनरला पाना लावून स्प्रिंगच्या उलट बाजूला फिरवा आणि पट्टा आधी गुळगुळीत पुलीवरून सोडवा. टेन्शनर हळू सोडा, एकदम सुटला तर बोट चेपेल.

पट्टा निघाल्यावर लगेच नवीन घालायची घाई करू नका. इथंच मोटेचं चाक आठवा. एकेक पुली हातानं फिरवून बघा. खरखर लागते का, डुगडुगते का. मोकळी पुली फार वेळ भिरभिरत राहिली तर तिच्या बेअरिंगमधलं ग्रीस संपलेलं असण्याची शक्यता. टेन्शनर हलवून बघा, अडकत-अडकत परत येत असेल तर त्याचेही दिवस भरलेत. पुष्कळदा पट्टा हा आजार नसतो, तो आजारी बेअरिंगचा बळी असतो. आमच्याकडं गॅरेजात नुसता पट्टा बदलून गाडी परत येते, महिन्यात पुन्हा तेच, आणि माणूस पट्ट्याच्या कंपनीला शिव्या देतो.

पुल्यांच्या खाचा कोरड्या ब्रशनं साफ करा. जुना आणि नवा पट्टा शेजारी धरून शिरा मोजा, लांबी ताडा. झिजलेला जुना पट्टा केसभर लांब वाटेल, ते चालतं. घालताना शिरा शिरांच्या पुलीला आणि पाठ गुळगुळीत पुलीला. शेवटी टेन्शनर ओढून गुळगुळीत पुलीवर सरकवा. स्क्रू ड्रायव्हर घालून जबरदस्तीनं चढवायचा नाही, आतली दोरी तुटते आणि ते लगेच दिसत नाही. मग बॅटरीनं उजेड पाडून प्रत्येक पुलीवर बघा, सगळ्या शिरा सगळ्या खाचांत बसल्यात का. एक शीर जरी बाहेर लोंबत राहिली तरी काही मिनिटांत ती सोलली जाते. तार जोडा, इंजिन चालू करा, मिनिटभर लांबून बघा, बंद करून पुन्हा एकदा शिरा बघा.

ऑइल पेंटनं किलोमीटरचा आकडा आणि तारीख एअर फिल्टरच्या डब्यावर लिहून ठेवा. आमच्या ट्रॅक्टरवर अशी तीन पट्ट्यांची ओळ आहे. आणि काढलेला पट्टा टाकून देण्याआधी त्याच्यावरचा नंबर वहीत उतरवून घ्या, बाजारात गेल्यावर "तो पिकअपचा लांब पट्टा" असं सांगून दुकानदार काहीही हातात देतो.